चौदा झटके

उजवा खांदा अजून ठणकतोय, त्यामुळे हे डाव्या हाताच्या एका बोटाने टाइप करतोय. चुका दिसल्या तर त्या मशिनच्या खात्यावर टाका.

परवा कोल्हापुरात, शाहूपुरीतल्या एका दुकानाच्या पायरीवर, भर दुपारी, मी चेनसॉची, म्हणजे इंजिनवर चालणाऱ्या करवतीची, सुरू करायची दोरी चौदा वेळा ओढली आणि मशिन एकदाही बोललं नाही. चौदा हा आकडा माझा नाही. मी सातनंतर मोजणं सोडलं होतं. मोजत होते समोरच्या चहाच्या टपरीवरचे लोक. मोठ्याने.

झालं असं की पन्हाळ्याच्या बाजूला आमच्या बांधावर एक जुनी चिंच होती, ती वळवाच्या पावसात आडवी झाली. चिंचेचा गाभा म्हणजे काळपट जांभळा दगडच. उखळ-मुसळाला हेच लाकूड, मटणाच्या दुकानातला ठोकळाही याचाच. (मटणाच्या दरावरून २०१९ मध्ये आंदोलन करणाऱ्या या शहरात त्या ठोकळ्याबद्दल मात्र कुणी दोन शब्द बोलत नाही. सगळे घाव तो सोसतो.) १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत साग, खैर, ऐन, किंजळ यांच्या पंगतीला चिंचही बसलेली आहे, म्हणून आपणहून पडलेल्या झाडासाठीसुद्धा मी कागद गोळा करत हिंडलो. सॉ मिलवाल्यांनी तर ओंडका बघण्याआधीच हात जोडले. कारण ही खिळ्यांची चिंच. पंचक्रोशीत कुणाला बाधा झाली की या झाडात खिळा ठोकायचा आणि भूत जागच्या जागी खिळवायचं. तीन-चार पिढ्यांची भुतं आत आहेत. भुताला मिलवाले भीत नाहीत, खिळ्याला भितात. पातं खिळ्याला लागलं की गेलं.

मग मीच घरच्या घरी फळ्या काढायच्या ठरवल्या आणि महिनाभर अभ्यास केला. ओंडका आडवा तोडणं वेगळं आणि उभा चिरणं वेगळं. तोडायच्या चेनच्या दातांना तीसएक अंशांची धार असते, चिरायला ती दहा अंशांवर आणावी लागते. चिरताना इंजिन मिनिटं-मिनिटं फुल थ्रॉटलवर राहतं, लहान मशिन तापून मान टाकतं. दोन फुटांच्या कठीण बुंध्याला नव्वद सीसीच्या आसपासचं इंजिन हवं आणि बार, म्हणजे चेन जिच्यावरून फिरते ती पट्टी, तीस इंचांच्या पुढचा, कारण चिरायची चौकट लावली की चार-पाच इंच तीच खाते. हे सगळं मी वहीत लिहून नेलं होतं. वही नेणं ही पहिली चूक.

दुकानात कोपऱ्यातल्या स्टुलावर एक आण्णा बसले होते. डोक्यावर टोपी, मांडीवर फवारणीचा पंप, आजारी नातवाला घेऊन बसावं तसा. त्यांना एक वॉशर हवा होता. तो त्यांना मिळालेला होता. तरीही ते बसले होते.

मी मालकांना विचारलं, "स्टिलचं मशिन मिळेल?"

मालक मोबाईलमध्ये. उत्तर स्टुलावरून आलं. "स्टीलचंच असतंय की, पावणं. पितळंचं कोण करंल?"

"तसं नाही, जर्मन कंपनीचं नाव आहे ते. एस टी आय एच एल."

"मधी येच हाय?" आण्णा मालकांकडे वळले. "डुप्लिकेट दिसतंय."

मी वही उघडली. त्यांचं एमएस ८८१ हे १२१.६ सीसीचं आहे, पण मला नव्वदचं चालेल, असं सांगितलं. आण्णांनी पंप खाली ठेवला.

"आमच्या नातवाची स्प्लेंडर सत्त्याण्णव सीसीची. तिघं बसून जोतिबाला जातोय आमी." आणि त्यांनी माझ्या मनगटाकडे बघितलं. कोल्हापुरात माणूस आधी मनगटावर मोजतात, शिक्षण नंतर विचारतात. माझ्या बाबतीत पुढचं विचारायची गरजच पडली नाही.

आता मालकांनी तोंड उघडलं. "सर, हितं अठ्ठावन्न सीसी चालतंय. नारळ, बाभूळ, निलगिरी, सगळ्याला एकच. बावीस इंची बार. घेऊन जावा."

"बुंधा चोवीस इंच आहे हो."

"मग दुसऱ्या बाजूनं घाला."

"रिपिंग चेन? उभं चिरायची?"

"चेन म्हंजे चेन. कापतीया न्हवं?"

इथे मला खरोखर राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. उद्यमनगर काय, शिरोली काय, अख्ख्या देशाला इंजिनाचे भाग ओतून देणारं हे गाव. आणि इथे दहा अंशांची चेन मागितली की आपणच येडे ठरतो. गिऱ्हाइकाला काही माहीत असणं हा त्याचा उद्धटपणा असतो. काही माहीत नसलेल्याला मात्र खुर्ची मिळते, चहा मिळतो आणि अठ्ठावन्न सीसी मिळतं.

तेवढ्यात आण्णांनी विचारलं, "चिंच कुठली म्हणायची?"

मी सांगितलं. ते उठूनच उभे राहिले. "खिळ्याची? पडली व्हय ती?"

दुकानात एकदम सुतकी शांतता.

"आमच्या आज्जीनं एक मारलाय त्यात. सासू खिळलीया तिनं."

"जिवंत सासू?" मालकांनी मोबाईल खाली ठेवला.

"मेल्यावर वो. जित्यापणी कुठं सापडत हुती."

मला भुताशी देणंघेणं नव्हतं, माझ्या न घेतलेल्या चेनची काळजी होती. म्हटलं, "खिळा किती उंचीवर आहे?"

"कमरंएवढा. आज्जीच्या कमरंएवढा." त्यांनी हात धरून दाखवला, मग गुडघ्यात वाकून थोडा खाली घेतला, आणि पुन्हा वर नेला. "पर झाड वाढलंय. आता खिळा माडीवर गेला असंल."

वहीतलं एवढं एकच ज्ञान कामी येणार होतं. मी समजावलं, झाड शेंड्याला उंच होतं, बुंध्यात ठोकलेला खिळा त्याच उंचीवर राहतो. फक्त बुंधा जाड होतो आणि खिळा आत गाडला जातो. कुणालाच पटलं नाही. मालकांनाही नाही.

"मेटल डिटेक्टर लावून शोधणार आहे," मी म्हटलं.

"त्यात सासू दिसती काय?"

आता माघार घेणं शक्य नव्हतं. निदान मशिन चालवून तरी बघू, म्हणून मी ते अठ्ठावन्न सीसी पायरीवर ठेवलं. मागच्या मुठीत बूट घातला, चोक ओढला आणि सुरुवात केली. नवव्या झटक्याला खांद्यात कट्ट झालं. अकराव्याला आण्णा म्हणाले, "पावणं, ही सासूच आडवी आलीया." चौदाव्याला दुकानातला पोरगा बाहेर आला, अंगठ्याने एक बटण वर ढकललं, आणि एका झटक्यात मशिन असं किंचाळलं की टपरीवरच्या एकाच्या हातचा कप सांडला.

स्विच बंद होता. पहिल्यापासून. पोरगा चौदाही झटके दारातून बघत होता. "मला वाटलं, तुमी नुस्तं वजन बघायलाय," म्हणाला.

मी मशिन घेतलं नाही. पण इतका वेळ घालवून रिकाम्या हाताने निघायची लाज वाटली, म्हणून साडेपाच मिलिमीटरची गोल कानस घेतली. चेनला धार लावायची. चेन नाही, मशिन नाही, पण कानस आहे. घरी विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "सुरुवात."

काल रात्री फोन आला. बिलासाठी दिलेला नंबर मालकांनी परस्पर आण्णांना दिलेला. बाकीचे खिळे काढायचे तर खुशाल काढा, पण आज्जीचा काढायच्या आधी कळवा, असा निरोप होता. घरातल्या बायकांना माहेरी धाडायला दोन दिवस लागतील.