अध्यक्ष हवा की रोजचा हिशेब?

‘आपल्याकडे अमेरिकेसारखी पद्धत आणा. मुख्यमंत्री थेट लोकांनी निवडायचा आणि पाच वर्षं त्याला कुणी हात लावायचा नाही.’ महाराष्ट्राच्या राजकारणाचा विषय निघाला की आमच्या शाळेच्या ग्रुपवर कुणीतरी हे लिहितंच आणि खाली अंगठ्यांची रांग लागते. हा संताप मला कळतो. २०१९ च्या नोव्हेंबरात भल्या सकाळी उरकलेला शपथविधी, २०२२ च्या जूनमधला आमदारांचा सुरत, गुवाहाटी, गोवा असा प्रवास, २०२३ च्या जुलैत आणखी एका पक्षाची झालेली दोन शकलं. मत एकाला दिलं आणि सरकार भलत्याचंच आलं, असं म्हणणाऱ्याला खोटं कसं ठरवणार? पण मी अमेरिकेत, मेरीलँडमध्ये राहते, अध्यक्षीय पद्धत जवळून बघते आणि ती आपल्याकडे येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

मागणी नवी नाही. १९८० च्या दशकात काँग्रेसचे वसंत साठे यांनी ती जाहीरपणे मांडली होती. पण त्याच्या कितीतरी आधी, ४ नोव्हेंबर १९४८ रोजी, घटनेचा मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न नीट उलगडून ठेवला आहे. लोकशाहीतलं सरकार स्थिर हवं आणि जबाबदारही हवं. दोन्ही सारख्याच प्रमाणात देणारी पद्धत अजून कुणाला सापडलेली नाही, असं त्यांचं म्हणणं. अमेरिकेच्या पद्धतीत स्थैर्य जास्त, तर ब्रिटिश पद्धतीत जबाबदारी जास्त. अमेरिकेत सरकारचा हिशेब ठरावीक मुदतीनंतर होतो. संसदीय पद्धतीत तो रोज होतो: प्रश्न, ठराव, स्थगन प्रस्ताव, अविश्वास प्रस्ताव यांतून. शिवाय निवडणुकीत मतदार करतात तो वेगळाच. मसुद्याने स्थैर्यापेक्षा जबाबदारीला झुकतं माप दिलं, ते जाणूनबुजून. सांगणारा माणूस स्वतः कोलंबिया विद्यापीठात शिकलेला होता. अमेरिका त्यांना पुस्तकातूनच माहीत होती असं नाही.

रोजचा हिशेब नसला की काय होतं ते २०२५ च्या ऑक्टोबरात आमच्या गल्लीत दिसलं. इथल्या संसदेत, म्हणजे अमेरिकी काँग्रेसमध्ये, खर्चाचं विधेयक अडलं आणि १ ऑक्टोबरपासून फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचं कामकाज बंद पडलं, ते १२ नोव्हेंबरपर्यंत. ४३ दिवस. माझी शेजारीण विमानतळावर सुरक्षा तपासणीला आहे. तिचं काम ‘अत्यावश्यक’, म्हणजे कामावर जायचं पण पगार मिळणार नाही. दिवाळी सरता सरता मी फराळाचा डबा घेऊन गेले, तेव्हा तिने फोनवर पगाराची पावती दाखवली. कपातींचे रकाने होते, हातात येणारी रक्कम शून्य. घराचा हप्ता चुकणार म्हणून ती बँकेशी बोलत होती. फूड बँकांनी फेडरल ओळखपत्र असलेल्यांसाठी वाटप सुरू केलं होतं. थकलेला पगार पुढे मिळतो, कायदाच आहे तसा, पण हप्ता त्या महिन्यालाच भरायचा असतो.

आणि एवढं होऊन कुणाचंही पद गेलं नाही. अध्यक्ष आपल्या जागी, सिनेटर आपल्या जागी. दोन्ही सभागृहांत अध्यक्षांच्याच पक्षाचं बहुमत होतं, तरी सिनेटमध्ये असं विधेयक पुढे न्यायला साठ मतं लागतात आणि ती जमेनात. सरकार ‘बंद’ होणं ही गोष्टही मुळात १९८० पासूनची. तेव्हाचे अॅटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी मंजुरीविना खर्चाला मनाई करणाऱ्या जुन्या कायद्याचा कडक अर्थ लावला, त्याआधी खाती कशीबशी चालू राहायची. अर्थसंकल्प हाणून पाडला तर सरकारला जावं लागतं, हा संसदीय पद्धतीचा कणा. इथे पैसा अडला तर कर्मचाऱ्याचा पगार जातो, सरकार जात नाही.

आता आपलं १९९९ आठवा. १७ एप्रिलला वाजपेयी सरकार एका मताने पडलं, २६९ विरुद्ध २७०. ‘काय ही अस्थिरता!’ म्हणून तेव्हा आपण हळहळलो होतो. पण मे ते जुलै कारगिलचं युद्ध त्याच काळजीवाहू सरकारने लढलं, एकही सरकारी कचेरी पैशाअभावी बंद पडली नाही आणि शरद ऋतूत मतदारांनी नवा कौल दिला. सरकार पडणं म्हणजे राज्य कोलमडणं नव्हे.

खरं तर लांब जायची गरज नाही. महाराष्ट्राने हा प्रयोग गावपातळीवर करून पाहिला आहे. २०१६ मध्ये नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडायची पद्धत आली, २०२० मध्ये महाविकास आघाडीने ती मोडली, २०२२ मध्ये ती परत आली. माझे धाकटे काका आमच्या नगरपालिकेत नगरसेवक होते. नगराध्यक्ष एका पक्षाचा, सभागृहात बहुमत दुसऱ्याचं. सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवरचा पहिलाच विषय ‘मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे’, आणि तासभर भांडण त्यावरच. पाण्याच्या लाइनचा विषय पुढच्या सभेवर, मग त्याच्या पुढच्या. विचारायला गेलं तर नगराध्यक्ष म्हणायचे नगरसेवक अडवतात, नगरसेवक म्हणायचे नगराध्यक्ष एकटेच सगळं ठरवतात. दोघंही लोकांनीच निवडलेले, त्यामुळे जाब कुणाला विचारायचा हे ठरेना. मुंबईत थेट मुख्यमंत्री आणि विरोधातली विधानसभा अशी जोडी बसली तर याहून वेगळं काय होणार?

अमेरिकेत मला हेवा वाटावा अशी एक गोष्ट मात्र आहे. २८ जुलै २०१७ च्या पहाटे सिनेटर जॉन मॅकेन यांनी आपल्याच पक्षाच्या अध्यक्षांनी लावून धरलेला, आरोग्यविमा कायद्यातल्या तरतुदी रद्द करण्याचा प्रस्ताव अंगठा खाली करून पाडला. ४९ विरुद्ध ५१. पक्षात संताप उसळला, पण त्यांची जागा कुणी काढून घेऊ शकलं नाही. आपला आमदार हे करू शकत नाही. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने व्हिप, म्हणजे मतदानाबाबतचा पक्षादेश, मोडणाऱ्याची आमदारकी जाते, मग विषय विश्वासदर्शकाचा असो की साध्या विधेयकाचा. एकट्याने प्रामाणिकपणे विरोधात मत दिलं तर अपात्र, आणि दोन तृतीयांश जण घेऊन दुसऱ्या पक्षात विलीन झालं तर माफ. २००३ च्या दुरुस्तीने एक तृतीयांशांच्या फुटीची पळवाट बुजवली, विलीनीकरणाची तशीच ठेवली. आपण किरकोळीला बंदी घातली आणि घाऊक व्यापार चालू ठेवला. रोजचा हिशेब मागायचा तो सत्ताधारी बाकावरच्या आमदारानेही, आणि त्याचंच तोंड आपण कायद्याने बांधलं आहे.

स्थैर्याचं म्हणाल तर ते महाराष्ट्राला मिळालेलंच आहे. २०२४ मध्ये महायुतीला २८८ पैकी दोनशे तीसच्या आसपास जागा मिळाल्या. कुठल्याही विरोधी पक्षाला एक दशांश जागाही मिळाल्या नाहीत आणि निकालानंतर विधानसभेतलं विरोधी पक्षनेतेपद रिकामं राहिलं. थेट मुख्यमंत्री मागणाऱ्यांना जे स्थैर्य हवंय ते हेच, आणि त्यात प्रश्न विचारणारा आवाज बारीक झाला.

मागायचंच असेल तर या दोन गोष्टी मागा. व्हिप फक्त विश्वास, अविश्वास आणि पैशाच्या विधेयकांपुरता ठेवा. मतदानावरून अपात्रता सरकारच्या तगण्याशी निगडित प्रसंगांपुरतीच असावी, असं दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच सुचवलं होतं. दुसरं, अपात्रतेचा निवाडा विधानसभा अध्यक्षांच्या हातून काढून स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे द्या. तसा विचार संसदेने करावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मणिपूरच्या प्रकरणात म्हटलं आहे. शिवसेनेतलं बंड जून २०२२ चं, आणि त्यावर विधानसभा अध्यक्षांचा निकाल आला १० जानेवारी २०२४ ला. कुणीच अपात्र ठरलं नाही, आणि तोवर त्या विधानसभेच्या मुदतीला वर्षही उरलं नव्हतं.