एक येतो, चार येतो, दोन येत नाही

कालपासून गाडीत एकही गाणं लावलेलं नाही. रागाने. दोन सबवूफर म्हणजे बेसचे मोठे स्पीकर घेतले, त्यांना पॉवर देणारा ॲम्प घेतला, सगळ्या खोक्यांवर वॅट वॅट लिहिलंय म्हणजे आपापसात जमेलच त्यांचं, अशा भोळेपणाने फिटिंग करून घेतली आणि आवाज जरा वर नेला तर तिसऱ्या मिनिटाला ॲम्पवर लाल दिवा. प्रोटेक्ट. सगळं गप्प.

फिटिंगवाला डिकीत डोकं घालून म्हणाला, "दादा, एक ओम झालाय."

शेजारी वायपर बदलायला आलेले एक काका लगेच उठून आले. ओळख ना पाळख, पण डिकीत तेही वाकले. "एकच? मग टाक की अजून दोन-चार!"

म्हटलं काका, ते टाकायचं नसतं. ओम म्हणजे करंटला होणाऱ्या अडथळ्याचं माप, तो कमी झाला की ॲम्पवर ताण. प्रत्येक वूफरला चार ओमच्या दोन कॉइल म्हणजे तारेच्या गुंडाळ्या, चारही पॅरलल, म्हणजे शेजारी शेजारी, जोडल्या की एक ओम होतो आणि माझ्या ॲम्पला दोनच्या खाली झेपत नाही, जास्त करंट ओढला जातो, तापतो, मग जीव वाचवायला बंद पडतो.

"मग दोन कर."

इथे मी गप्प. कारण तेच तर होत नाही ना! असे दोन वूफर म्हटले की एक येतो, चार येतो, सगळं सिरीजमध्ये, एकामागे एक, टाकलं तर सोळा येतो, दोन काही येत नाही.

"घेतानाच बघायचं होतंस," काका. "किती वॅटचे?"

"खोक्यावर 2000."

"बापरे!"

"आरएमएस, म्हणजे सतत झेपणारे, 300."

मधले 1700 मीच खाल्ल्यासारखं बघितलं त्यांनी माझ्याकडे. अहो, क्षणभर झेपणारा पीकचा आकडा सोनेरी अक्षरात आणि तासन् तास चालणारा खरा आकडा आतल्या कागदावर मुंगीएवढा, ही काय माझी आयडिया आहे का?

शेवटी चार ओमवर जोडलं. दोन ओमवर 600 वॅट देणारा ॲम्प आता 350 देतो. फिटिंगवाला म्हणे टेन्शन घेऊ नका, पॉवर अर्धी झाली तरी आवाजाचे तीनच डेसिबल पडतात, कानाला फार कळतपण नाही. मग मोठा ॲम्प गळ्यात मारताना हे तीन डेसिबल कुठे गेले होते? तेव्हा तर "दुप्पट पॉवर, दुप्पट पॉवर" चाललं होतं.

काकांचे वायपर झाले. जाताना त्यांनी कंपनीतून आलेला टेप लावला. बेस नाही, काही नाही, दाराचं प्लास्टिक खरखरत होतं. पण वाजत होता.