महिला क्रिकेटचा इतिहास २००६ मध्ये सुरू होत नाही

भारतीय महिला संघाने २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून एकदिवसीय विश्वचषक जिंकला. त्यानंतर एक मजकूर थोड्याफार फरकाने सतत पुढे पाठवला जात आहे. त्याचा आशय असा : २००६ पर्यंत भारतात महिला क्रिकेट म्हणजे निव्वळ हौशी प्रकार होता, त्या वर्षी भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने ते आपल्याकडे घेतले आणि तिथून राष्ट्रीय संघाची जडणघडण सुरू झाली, त्याआधी हा खेळ कोणी पाहतही नव्हते, आज मुलींना पुरुषांइतकाच पैसा मिळतो, आणि विश्वचषक मिळाला तो महिला प्रीमियर लीगमुळे. यातील प्रत्येक विधानात थोडे तथ्य आहे, म्हणूनच ते सहज पटते. तरीही ही विधाने एकत्र आली की त्यांतून उभा राहणारा इतिहास चुकीचा ठरतो, आणि ज्यांनी हा संघ उभा केला त्यांची नावे त्यातून गळून पडतात.

‘हौशी’ या शब्दापासून सुरुवात करू. खेळाडूंना मानधन मिळत नव्हते, एवढ्याच अर्थाने तो खरा आहे. मजकुरात मात्र तो ‘गांभीर्याने न खेळलेला’ या अर्थाने येतो आणि तो अर्थ वस्तुस्थितीला धरून नाही. भारतीय महिला क्रिकेट संघटना १९७३ मध्ये महेंद्रकुमार शर्मा यांच्या पुढाकाराने लखनौला स्थापन झाली आणि बेगम हमीदा हबीबुल्ला तिच्या अध्यक्ष झाल्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पुण्यात झालेल्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश असे तीनच संघ होते. वर्ष संपायच्या आत वाराणसीला झालेल्या दुसऱ्या स्पर्धेत आठ संघ उतरले, आणि कलकत्त्याच्या तिसऱ्या स्पर्धेपर्यंत ही संख्या चौदावर गेली. पुढे राणी झाशी करंडकासारखी विभागीय स्पर्धाही सुरू झाली. १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियाचा पंचवीस वर्षांखालील मुलींचा संघ भारतात येऊन पुणे, दिल्ली आणि कलकत्ता येथे खेळून गेला. तीन संघांपासून सुरू झालेली संघटना साडेतीन वर्षांत, ऑक्टोबर १९७६ च्या अखेरीस, बंगळूरला वेस्ट इंडिजविरुद्ध पहिली अधिकृत कसोटी खेळवते, आणि पुढच्याच महिन्यात पाटण्याला शांता रंगास्वामी यांच्या नेतृत्वाखाली भारत आपला पहिला कसोटी विजय मिळवतो. पुरुषांच्या संघाला पहिल्या कसोटी विजयासाठी १९३२ पासून १९५२ पर्यंत वाट पाहावी लागली होती. दोन काळांची आणि दोन परिस्थितींची ही तुलना ताणू नये हे मला मान्य आहे, पण ‘काहीच नव्हते’ म्हणणाऱ्यांनी ती एकदा तरी समोर ठेवावी.

१९७८ मध्ये याच संघटनेने भारतात विश्वचषक भरवला. चारच देश सहभागी झाले, डायना एडुल्जी यांच्या नेतृत्वाखालील भारतीय संघ तिन्ही सामने हरला, तरी पुरुषांचा विश्वचषक भारतात येण्याच्या नऊ वर्षे आधी महिलांचा येऊन गेला होता. पुढची वीस वर्षे मैदानावर काय घडत होते याच्या काही खुणा देतो. १९८६ मध्ये वूस्टरला संध्या अगरवाल यांनी इंग्लंडविरुद्ध १९० धावा केल्या, तेव्हा तो महिला कसोटीतील सर्वोच्च धावसंख्येचा विक्रम होता. १९९५ मध्ये जमशेदपूरला नीतू डेव्हिड यांनी एका डावात ५३ धावांत ८ बळी घेतले. भारत ती कसोटी अवघ्या दोन धावांनी हरला. २००२ मध्ये टॉन्टनला मिताली राज यांनी २१४ धावा करून कसोटीतील सर्वोच्च धावसंख्येचा विक्रम पुन्हा भारताकडे आणला, तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या होत्या. गांभीर्याने न खेळणाऱ्या संघाकडून असे विक्रम होत नाहीत.

या सगळ्याची किंमत खेळाडू स्वतः मोजत होत्या. आरक्षण नसलेल्या डब्यातले प्रवास, सामाईक खोल्यांतले मुक्काम, संघात मोजक्याच चांगल्या बॅटी, हे त्या पिढीतील अनेकींनी वेळोवेळी सांगितले आहे. २००५ च्या विश्वचषकात उपविजेते ठरल्यावर सामन्यामागे हजार रुपये मिळाले आणि तेही त्या एका स्पर्धेपुरतेच, असे मिताली राज यांनी मुलाखतीत सांगितले आहे. या खेळाडूंच्या घरची चूल पेटती ठेवली ती रेल्वे आणि एअर इंडियासारख्या संस्थांतील नोकऱ्यांनी. राष्ट्रीय संघाच्या जडणघडणीत रेल्वेचा वाटा किती मोठा होता, याचा त्या मजकुरात उल्लेखही नसावा, हे मला सर्वांत खटकते. मिताली राज रेल्वेच्या संघातूनच खेळत आल्या, आणि हरमनप्रीत कौर यांनाही पंजाबातून मुंबईला आणणारी पहिली नोकरी पश्चिम रेल्वेचीच होती.

आता मुख्य विधानाकडे वळू : २००६ मध्ये मंडळाने ताबा घेतला आणि संघ घडला. पहिली गोष्ट अशी की हा निर्णय मंडळाने आपणहून घेतलेला नव्हता. आंतरराष्ट्रीय महिला क्रिकेट परिषद २००५ मध्ये आयसीसी या क्रिकेटच्या जागतिक संघटनेत विलीन झाली, आणि प्रत्येक देशात पुरुष व महिला क्रिकेट एकाच मंडळाखाली आणण्याचे धोरण त्यातून आले. भारतात ते २००६ मध्ये अमलात आले, म्हणजे महिला संघटना मंडळात विलीन झाली. त्या वेळी महिला संघटनेच्या सचिव होत्या पुण्याच्या शुभांगी कुलकर्णी. भारताच्या माजी कर्णधार आणि लेगस्पिनर असलेल्या कुलकर्णी १९७६ च्या बंगळूर कसोटीतही खेळल्या होत्या. ज्या संघटनेच्या पहिल्या कसोटीत त्या खेळल्या, तिचा कारभार मोठ्या मंडळाच्या हाती सोपवण्याचे कामही त्यांच्याच वाट्याला आले. तेव्हा हाती दिला गेला तो तयार, विश्वचषकाची अंतिम फेरी गाठलेला संघ होता.

दुसरी गोष्ट आकड्यांची. विलीनीकरणापूर्वीच्या लागोपाठच्या तीन विश्वचषकांत भारत १९९७ मध्ये उपांत्य फेरीत, २००० मध्ये उपांत्य फेरीत आणि २००५ मध्ये अंतिम फेरीत होता. विलीनीकरणानंतर २००९ मध्ये तिसरा क्रमांक मिळाला, जो चांगलाच होता. २०१३ मध्ये मात्र मायदेशात झालेल्या स्पर्धेत भारत श्रीलंकेकडून हरून साखळीतच बाद झाला आणि सातव्या क्रमांकावर राहिला. त्याच स्पर्धेत वानखेडेवर ठरलेले सामने दुसरीकडे हलवावे लागले, कारण ते मैदान रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यासाठी हवे होते. विश्वचषकाच्या सामन्यांपेक्षा देशांतर्गत सामना महत्त्वाचा ठरतो, तेव्हा त्या काळातले अग्रक्रम वेगळे सांगावे लागत नाहीत.

कसोटीचे चित्र याहून ठळक आहे. ऑक्टोबर १९७६ ते ऑगस्ट २००६ या तीस वर्षांत, पैसा नसलेल्या संघटनेच्या काळात, भारतीय महिला ३४ कसोटी खेळल्या. त्यानंतर जून २०२१ मध्ये ब्रिस्टलची कसोटी सुरू होईपर्यंतच्या जवळजवळ पंधरा वर्षांत, जगातील सर्वांत श्रीमंत मंडळाच्या छत्राखाली, त्या खेळल्या अवघ्या दोन, आणि त्या दोन्ही २०१४ मधल्या. ऑगस्ट २०१४ मध्ये वर्म्स्लीला आठ वर्षांनी कसोटीसाठी उतरलेल्या संघात आठ जणी पदार्पण करत होत्या. तरीही त्यांनी इंग्लंडला हरवले. ‘जगभरच महिलांची कसोटी मागे पडली होती’ असे यावर कोणी म्हणेल, आणि ते बऱ्याच अंशी खरे आहे, परंतु इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया यांनी अ‍ॅशेस या आपसातील मालिकेची कसोटी त्याही काळात चालू ठेवली. एका पिढीची, म्हणजे झूलन गोस्वामी यांच्यासारख्या वेगवान गोलंदाजाच्या ऐन उमेदीची वर्षे कसोटीशिवाय गेली. हे नुकसान नंतर भरून येत नाही.

मंडळाने काहीच केले नाही, असे म्हणणेही अन्यायाचे होईल. चांगली मैदाने, विमानप्रवास, वैद्यकीय मदत, वयोगटांच्या स्पर्धा, अकादमीतील प्रशिक्षण या सुविधा विलीनीकरणानंतरच नियमित झाल्या आणि त्यांचा परिणाम आजच्या तंदुरुस्तीत व क्षेत्ररक्षणात दिसतो. माझा आक्षेप कालक्रमाला आहे. महिलांना पहिले वार्षिक करार मिळाले ते २०१५ मध्ये, विलीनीकरणानंतर नऊ वर्षांनी, आणि त्या रकमांत मोठी वाढ झाली ती २०१८ मध्ये. त्या दोहोंच्या मध्ये २०१७ आहे : डर्बीला ऑस्ट्रेलियाविरुद्ध हरमनप्रीत यांच्या नाबाद १७१ धावा आणि लॉर्ड्सवर अवघ्या नऊ धावांनी निसटलेला अंतिम सामना. मजकुरात कारण आणि परिणाम यांची जागा बदललेली आहे. खेळाडूंनी करून दाखवले आणि मोठा पैसा मागाहून आला.

‘कोणी पाहत नव्हते’ या विधानाला फार वेळ देण्याची गरज नाही. २०१७ चा विश्वचषक जगभरात १८ कोटी प्रेक्षकांपर्यंत पोहोचला आणि त्यांतील १५ कोटी ६० लाख भारतातील होते, असे आयसीसीनेच जाहीर केले. ८ मार्च २०२० रोजी मेलबर्नला भारत-ऑस्ट्रेलिया टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला ८६,१७४ प्रेक्षक होते. महिला प्रीमियर लीग तेव्हा अजून तीन वर्षे दूर होती.

समान पैशाचे विधान मात्र नीट तपासले पाहिजे, कारण ते खऱ्या घोषणेवर उभे आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये मंडळाने जाहीर केले ते समान सामना-मानधन : कसोटीला १५ लाख, एकदिवसीय सामन्याला ६ लाख, टी-ट्वेंटीला ३ लाख. हे पाऊल मोठे होते. परंतु वार्षिक करार हा वेगळा भाग आहे. ही घोषणा झाली तेव्हा पुरुषांच्या सर्वोच्च श्रेणीला वर्षाला ७ कोटी आणि महिलांच्या सर्वोच्च श्रेणीला ५० लाख रुपये मिळत होते, म्हणजे चौदा पटींचा फरक. शिवाय मानधन सामन्यागणिक मिळते. ज्या खेळाडूला वर्षाकाठी सामनेच कमी मिळतात, तिला दर समान असूनही हाती येणारी रक्कम कमीच राहते. कसोटीला १५ लाख असा दर असणे आणि वर्षाला एखादीच कसोटी असणे, या दोन गोष्टी एकत्र वाचायला हव्यात.

राहिली महिला प्रीमियर लीग. ती मार्च २०२३ मध्ये सुरू झाली, पुरुषांच्या आयपीएलनंतर पंधरा वर्षांनी आणि ऑस्ट्रेलियाच्या महिला बिग बॅशनंतर सात-आठ वर्षांनी. तिचा उपयोग झाला याबद्दल वाद नाही : कडप्प्याची श्री चरणी आणि छतरपूर जिल्ह्यातील क्रांती गौड यांची कामगिरी निवड समितीच्या नजरेत भरली, त्यात या लीगचा वाटा मोठा आहे. पण विश्वविजेत्या संघाचा कणा पाहा. हरमनप्रीत यांनी भारतासाठी पदार्पण केले २००९ मध्ये, सांगलीच्या स्मृती मानधना यांनी २०१३ मध्ये, दीप्ती शर्मा यांनी २०१४ मध्ये, मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्ज यांनी २०१८ मध्ये, शफाली वर्मा यांनी २०१९ मध्ये. उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग करताना नाबाद १२७ करणाऱ्या जेमिमा, आणि अंतिम सामन्यात ५८ धावा व पाच बळी मिळवणाऱ्या दीप्ती या लीगच्या पहिल्या लिलावाआधीच अनुभवी खेळाडू झाल्या होत्या. स्मृती यांनी १९ वर्षांखालील एकदिवसीय सामन्यात महाराष्ट्राकडून गुजरातविरुद्ध द्विशतक केले ते २०१३ मध्ये, आणि त्या सामन्याला ना लिलाव होता ना प्रक्षेपण.

विजयानंतर त्या रात्री डी. वाय. पाटील मैदानावर भारतीय खेळाडूंनी चषक मिताली राज, झूलन गोस्वामी आणि अंजुम चोप्रा यांच्या हाती दिला. तिघीही २००५ च्या विश्वचषकात, भारतीय महिला क्रिकेट संघटनेच्या शेवटच्या दिवसांत, सामन्यामागे हजार रुपयांवर खेळलेल्या संघात होत्या.