सप्तरंगी चूर्णाच्या एक-स्टार रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

ताई, नमस्कार. डायबेटिससाठी नेलेल्या चूर्णाने तुमच्या वडिलांना त्रास झाला त्याबद्दल मनापासून क्षमस्व. उरलेलं पाकीट आणून द्या, पैसे परत देऊ. बिल नसलं तरी चालेल.

पण 'पोट फुगलं, गॅस झाला, म्हणजे चूर्णात भेसळ आहे' हे तुम्ही लिहिलंत ते फार लागलं. काष्ठौषधींचं हे दुकान माझ्या वडिलांनी सुरू केलं. सप्तरंगी या रानवेलीचं मूळ आम्ही अख्खं घेतो आणि इथेच दळतो, मागेल त्याला मूळ दाखवतो. तुमचं वाचून कालपासून जुनी गिऱ्हाइकंही फोन करून विचारतायत.

तुम्हीच लिहिलंय की आधी पहाटे उपाशीपोटी दिलं, फास्टिंग (उपाशीपोटीची साखर) हललं नाही, म्हणून दुप्पट करून जेवणाबरोबर दिलं. ताई, काउंटरवर मी 'पहिल्या घासाबरोबर, सांगितलं तेवढंच' असं म्हटलं होतं. तेव्हा तुम्ही घाईत होतात.

भात-पोळीतल्या पिष्टाची शेवटची फोड लहान आतड्यातलं अल्फा-ग्लुकोसिडेज हे एन्झाइम करतं, मग ग्लुकोज रक्तात जातं. 1997 साली क्योटोच्या संशोधकांनी सप्तरंगीच्याच वंशातल्या, श्रीलंकेत नि दक्षिण भारतात होणाऱ्या वेलीतून सॅलासिनॉल नावाचं द्रव्य वेगळं काढलं. ते आपल्या सप्तरंगीतही असतं. त्याची ठेवण साखरेसारखी, म्हणून ते त्या एन्झाइमच्या जागेत जाऊन बसतं आणि फोड मंदावते. पोटात अन्नच नसेल तर ते अडवणार काय? फरक पडला तर जेवणानंतरच्या साखरेत पडतो. फास्टिंग मुख्यतः यकृतातून येणाऱ्या साखरेवर ठरतं. आणि दुप्पट दिलं की न फुटलेलं पिष्ट मोठ्या आतड्यात जातं, तिथले जिवाणू ते आंबवतात, गॅस होतो. डॉक्टर देतात त्या अकार्बोज, व्होग्लिबोज या गोळ्या याच एन्झाइमवर काम करतात, त्यांनीही पोट फुगतं. त्यांत कुणी भेसळ म्हणत नाही.

'डायबेटिस बरा होतो' असं आम्ही पाकिटावर कधी छापलं नाही. 1954 च्या औषध-जाहिरातींच्या कायद्याने तशी जाहिरातही करता येत नाही. भाव जास्त वाटत असेल तर, ही जंगलातली वेल, मूळ खणलं की वेलच जाते. स्वस्त मिळतं तिथे आधी मूळ बघायला मागा.

पाकिटावर वेळ ठळक छापायचं बघतो, अजूनही काही सुधारणा करू.

एक मात्र आजच करा. काका साखरेची दुसरी गोळी घेत असतील तर हे चूर्ण चालू असल्याचं डॉक्टरांना सांगा. साखर एकदम उतरली तर घरातली साखर देऊन लवकर भागत नाही, कारण तिची फोडही हेच एन्झाइम करतं. ग्लुकोज पावडरच द्यावी लागते. ती घरात ठेवा.

स्टार एकच राहू दे, ताई. भेसळीची ओळ तेवढी काढलीत तर उपकार होतील.