‘मिंडेन’ मुंबईचं, पण ते गीत तिथलं नाही

दर चार-सहा महिन्यांनी तो मेसेज फिरत फिरत येतोच: अमेरिकेचं राष्ट्रगीत मुंबईत वाडियांनी बांधलेल्या ‘एचएमएस मिंडेन’ या युद्धनौकेवर लिहिलं गेलं. मुंबईचं नाव दिसलं की आपण तो लगेच पुढे ढकलतो. या जहाजाबद्दल मला फार जिव्हाळा आहे, म्हणूनच हे लिहितोय.

जहाज मुंबईचं, हे अगदी खरं. जमशेटजी बोमनजी वाडियांनी ते सागवानात बांधलं आणि १८१० मध्ये पाण्यात उतरवलं. ब्रिटिश आरमारासाठी मुंबईत बांधलेलं ७४ तोफांचं हे पहिलं जहाज.

गीताचं मात्र तसं नाही. फ्रान्सिस स्कॉट की हा अमेरिकन वकील. तेव्हा अमेरिका आणि इंग्लंड यांचं युद्ध चालू होतं. इंग्रजांनी धरून नेलेल्या डॉ. बीन्स यांना सोडवायला सप्टेंबर १८१४ मध्ये तो शत्रूच्या ताफ्यात गेला. बोलणी झाली ‘टोनंट’ या ब्रिटिश युद्धनौकेवर, मिंडेनवर नव्हे. सुटका मंजूर झाली, पण बाल्टिमोरवरच्या हल्ल्याचा बेत या मंडळींच्या कानावर गेला होता. त्यामुळे लढाई संपेपर्यंत त्यांना अडकवून ठेवलं, तेही त्यांच्याच अमेरिकन नावेवर, पहाऱ्यात. बाल्टिमोरचं रक्षण करणाऱ्या फोर्ट मॅकहेन्री या किल्ल्यावर साधारण २५ तास भडिमार चालला. १४ तारखेच्या पहाटे किल्ल्यावर अमेरिकेचाच झेंडा दिसला, तेव्हा कीने जवळच्या एका पत्राच्या कोऱ्या पाठीवर ओळी उतरवल्या. कविता पुरी झाली ती बाल्टिमोरच्या हॉटेलात. तिला राष्ट्रगीताचा दर्जा मिळाला थेट १९३१ मध्ये.

‘मिंडेन किल्ल्यावर तोफा डागत होतं’, असंही कुणी जोडतं. पण किल्ल्याकडे जाणारी पटाप्स्को नदी उथळ, एवढं अवजड जहाज तिथवर जाणारच नाही. ब्रिटिश ताफ्याचा प्रमुख ॲडमिरल कॉक्रेन स्वतः ‘टोनंट’ मागे ठेवून ‘सरप्राइज’ या हलक्या फ्रिगेटवर गेला होता. मारा केला तो बॉम्बफेकी नौकांनी आणि रॉकेटं सोडणाऱ्या ‘एरेबस’नं. गीतातला रॉकेटांचा लालभडक उजेड तो हाच.

मिंडेनचं खरं आयुष्य काही कमी नाही. १८१६ च्या अल्जियर्सच्या लढाईत ते होतं, पुढे हाँगकाँगला तरंगतं इस्पितळ झालं. तिथल्या एका रस्त्याला आजही त्याचं नाव आहे. आणि इतिहासातला मोठा कागद मुंबईच्या जहाजावर झालाच आहे: १८४२ चा नानकिंगचा तह, ‘कॉर्नवॉलिस’वर. तेही वाडियांचंच. अफूच्या युद्धानंतर चीनवर लादलेला तह असल्यानं त्याचा अभिमान मला बाळगता येत नाही, पण घटना खरी आहे.

वाडियांचं काम डोळ्यांनी बघायचं असेल, तर १८१७ चं ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडमध्ये हार्टलपूलला अजून पाण्यावर उभं आहे. मुंबईतल्या सुतारांनी बसवलेल्या सागवानावर तिथे हात ठेवता येतो.