शरीरातली फरदड

भाऊ, एचआयव्हीसाठी रक्त तपासायला मुळीच जाऊ नका. ग्रामीण रुग्णालयात तपासणी फुकट होते खरी, पण त्या खोलीत शिरताना कोणी पाहिलं तर पानठेल्यावर निकाल संध्याकाळीच लागतो, लॅबचा नंतर.

आणि लक्षण कुठे आहे? कपाशीचं बोंड बाहेरून हिरवंगार दिसलं की आपण निर्धास्त असतोच. गुलाबी अळी आत गेली की तिचं भोकही बुजतं. सरकी खाल्लेली कळते ती वेचणीला. एचआयव्हीची रीत तीच. तो गाठतो सीडी४ टी पेशी, म्हणजे बाकीच्या पेशींना हाका मारून उठवणारी पोलीसपाटील मंडळी. पेशीच्या दारावरची सीडी४ नावाची कडी काढायची, सोबत बहुधा सीसीआर५ नावाची दुसरी, आणि आत. मग स्वतःच्या आरएनएचा, म्हणजे वंशाच्या मजकुराचा, डीएनए करून पेशीच्या डीएनएत जोडायचा. सातबाऱ्यावर नाव चढलं, तलाठ्याला चहासुद्धा न पाजता! पुढे पेशी जागी झाली की स्वतःचं काम सोडून विषाणूच काढत बसते.

पहिल्या काही आठवड्यांतच आतड्यातल्या या पेशींचा फडशा पडतो. तुम्हाला फार तर ताप येईल. सलाईन लावा, उतरला की श्रेय सलाईनला द्या. गंमत अशी की मरणाऱ्या बऱ्याच पेशींत विषाणू नीट रुजलेलाही नसतो. अर्धवट घुसखोरीची चाहूल लागताच त्या पेटून मरतात आणि ती आग पाहून आणखी पेशी धावत येतात. (आमच्या सरपंचनिवडीत दुसरं काय होतं?) निरोगी माणसात घन मिलिमीटर रक्तात साधारण ५०० ते १५०० सीडी४ असतात, २०० च्या खाली गेल्या की एड्स. पण मोजता कशाला? शेतातल्या कामगंध सापळ्यात अडकलेले बोंडअळीचे पतंग तरी कोण मोजतं!

चुकून कळलंच, तर २००४ पासून सरकार फुकट देतं ती गोळी घ्या आणि बरं वाटताच सोडा. रोज घेतली, रक्तात विषाणू मोजता येईनासा झाला आणि तसाच राहिला, की शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. एवढं सोपं मर्दाला शोभत नाही. शिवाय काही सीडी४ पेशी विषाणू पोटात घेऊन वर्षानुवर्षं निजलेल्या असतात. कृषी सहायक बोंबलतो तरी आपण फरदडीला, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेल्या कपाशीला, पाणी देतोच ना? ही फरदड तर उपटताही येत नाही, गोळी फक्त तिची पैदास रोखते. गोळी थांबवा, बहुधा दोन-चार आठवड्यांत पीक हजर.

गरोदरपणाच्या तपासणीत बायको आधी पॉझिटिव्ह निघाली, तर “काऊन वं, माहेराहून आणलं का?” विचारून मोकळे व्हा. तुमची तपासणी? अहो, वेचणी चालू आहे.