‘सर्वांनी लगेच अपडेट करा’ म्हणजे नक्की कोणी?

एखाद्या ॲपचं किंवा सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन आलं की गटात एक लिंक पडते, खाली “सर्वांनी लगेच अपडेट करा” आणि तीन रॉकेट. कोणतं व्हर्जन? अँड्रॉइडचं की विंडोजचं? लगेच का? काही पत्ता नाही. मग दिवसभर त्याच चौकशीचे मेसेज.

घोषणेच्या पहिल्याच ओळीत नाव, व्हर्जन नंबर, कशासाठीचं आहे आणि कोणत्या जुन्या व्हर्जनवाल्यांनी घ्यायचं, एवढं हवंच. “बग फिक्स आणि सुधारणा” यातून कुणालाच काही कळत नाही. “पीडीएफ छापताना जोडाक्षरं तुटत होती, ती आता नीट येतात” असं लिहिलं की ज्याची तुटत होती तो घेईल, बाकीचे रविवारी निवांत घेतील.

“लगेच” हा शब्द सुरक्षेसाठी राखून ठेवावा. ओपनएसएसएल (इंटरनेटवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणारं सॉफ्टवेअर) वाल्यांनी २०२२ मध्ये हे चोख केलं. २५ ऑक्टोबरला आगाऊ सूचना: १ नोव्हेंबरला ३.०.७ येणार, गंभीर त्रुटीची दुरुस्ती आहे. वेळसुद्धा दिली, आपल्याकडे संध्याकाळी साडेसहा ते रात्री साडेदहा. त्रुटीचा तपशील मात्र दुरुस्ती हातात येईपर्यंत बाहेर काढला नाही. १.१.१ या जुन्या व्हर्जनवाल्यांना त्या त्रुटीचा धोकाच नव्हता, त्यांची धावपळ वाचली. शेवटी गांभीर्य ‘क्रिटिकल’वरून ‘हाय’वर आणलं, तेही कारणासकट जाहीर केलं. थोडी टीका झाली, पण लपवाछपवी नव्हती.

प्ले स्टोअरवर सोडत असाल तर आणखी एक. अपडेट आधी ५ टक्के लोकांना, मग २० टक्क्यांना असं टप्प्याटप्प्याने सोडता येतं. पहिल्याच टप्प्यात गाजावाजा केला की उरलेले ९५ टक्के “मला दिसत नाही” म्हणत येणारच. “सर्वांपर्यंत पोचायला काही दिवस लागतील” एवढं वाक्य टाकायला काय जातं? तिथल्या ‘नवीन काय’ या माहितीला प्रत्येक भाषेत ५०० कॅरेक्टरची मर्यादा आहे, आणि देवनागरीत काना, उकार, हलन्त वेगळे धरले जातात. ‘सुरक्षा’ दिसायला तीन अक्षरं, मोजायला सात. त्यामुळे आभारप्रदर्शन तिथे नको.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो अपडेट बिघडल्यावर. “अपडेट मागे घेतलं आहे” लिहून मोकळं होता येत नाही. वितरण थांबतं, पण ज्यांच्या फोनवर ते गेलंय तिथे ते राहतंच; त्यांना दुरुस्ती द्यायची तर वरच्या नंबरचं व्हर्जनच काढावं लागतं. त्यात कुणीतरी शहाणा सल्ला देतो, “जुनी एपीके (ॲपची इन्स्टॉल फाइल) टाका.” अँड्रॉइड जुनं व्हर्जन नव्यावर बसू देत नाही. माणूस ॲप काढून टाकतो, आणि बॅकअप नसेल तर सगळ्या नोंदी जातात. म्हणून बिघाडाच्या पोस्टची पहिली ओळ “ॲप अनइन्स्टॉल करू नका” ही असावी. मूळ घोषणाही तिथेच एडिट करून वर “थांबा, ४.२ घेऊ नका, ४.२.१ येतंय” असं लिहावं, कारण लोक तीच जुनी पोस्ट पुढे पाठवत असतात.